टॉरासीची सहा सुवर्णपदकं: सर्वात मोठी आंतरराष्ट्रीय कारकीर्द, की सर्वात भक्कम संघातली सर्वात लांब?

अर्धवर्तुळ (धागाकर्ता)

अमेरिकेची बास्केटबॉलपटू डायना टॉरासी फेब्रुवारी २०२५मध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून महिला बास्केटबॉलची कुठलीही चर्चा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते: सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं, विषय संपला. २००४ अथेन्स, २००८ बीजिंग, २०१२ लंडन, २०१६ रिओ, २०२१ साली झालेलं टोकिओ आणि २०२४ पॅरिस. पुरुष असोत की महिला, तिच्याआधी बास्केटबॉलमध्ये सहा कुणाकडेच नव्हती. त्याबद्दल वाद नाही.

माझा वाद 'विषय संपला'शी आहे. पदक संघाला मिळतं. खेळाडूची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मोजायची तर एक साधी कसोटी लावा: ती खेळाडू संघातून काढून बघा, निकाल किती बदलतो? २०२२च्या सिडनी विश्वचषकात टॉरासी नव्हती. अमेरिकेने अंतिम सामन्यात चीनला ८३-६१ हरवलं. पॅरिसच्या अंतिम सामन्यात ती संघात होती, पण एक मिनिटही कोर्टवर उतरली नाही. अमेरिका ६७-६६ जिंकली आणि सहावं सुवर्ण त्या रात्री तिच्या गळ्यात पडलं.

आता लॉरेन जॅक्सन बघा. ऑस्ट्रेलियाची, १९६ सेंटीमीटर उंच, १५ नंबरची जर्सी. २०००, २००४ आणि २००८ला रौप्य, २०१२ला कांस्य. लंडनमध्ये तिने ब्राझीलच्या जानेथ आर्काइनला मागे टाकून महिला ऑलिंपिकमधल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम केला. २००६ला साओ पाउलोत विश्वविजेतेपद, आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गुण तिचेच. गुडघ्यामुळे २०१६ला निवृत्ती घेतली, सहा वर्षांनी परत आली आणि २०२२च्या कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाविरुद्ध वयाच्या ४१व्या वर्षी ३० गुण केले. निकाल ९५-६५. पॅरिसला ४३व्या वर्षी पुन्हा कांस्य.

ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. तरी मी जॅक्सनला वर ठेवतो. बोला.

---

कोपऱ्यातला थ्री

बोलतो. कसोटी चांगली आहे, पण ती तुम्ही एकाच बाजूने लावलीत.

जॅक्सनला काढून बघा ना! २०१४चा विश्वचषक तुर्कीत झाला, दुखापतीमुळे ती नव्हती. ऑस्ट्रेलियाला कांस्य. २०१८ तेनेरीफे, ती निवृत्त. ऑस्ट्रेलियाला रौप्य. उलट २०१०ला चेक प्रजासत्ताकात ती होती, तर संघ यजमानांकडून उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि पाचवा आला. तुमच्या कसोटीने जॅक्सन नसताना ऑस्ट्रेलिया बरी खेळते असं निघतं! म्हणजे कसोटीच लंगडी आहे.

पॅरिसबद्दल. ४२ वर्षांच्या खेळाडूचा शेवटचा सामना उचलायचा आणि त्यावरून आधीची २० वर्षं तोलायची, हे वकिली झालं. त्या स्पर्धेत गटातल्या सामन्यांत ती सुरुवातीच्या पाच जणींत होती, बाद फेरीत तिची जागा जॅकी यंगने घेतली. प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी चुरशीच्या सामन्यात पायांचा वेग निवडला, त्यात गैर काय? पण रिओचा अंतिम सामना बघा: स्पेनविरुद्ध १०१-७२, संघात सर्वाधिक १७ गुण टॉरासी आणि लिंडसे व्हेलन या दोघींचे. तेव्हा टॉरासी ३४ वर्षांची होती.

अथेन्सला ती २२ वर्षांची, संघात सर्वात लहान, लेस्ली-स्वूप्स-स्टेली या दिग्गजांच्या मागे बेंचवर. बीजिंगपासून रिओपर्यंत मुख्य शूटर. टोकिओला दुखापतीतून सावरत. पॅरिसला बाद फेरीत पुन्हा बेंचवर. बेंचवरून सुरू, बेंचवर शेवट, आणि मधे तीन ऑलिंपिक संघाचा भार. याला 'लांब कारकीर्द' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

---

आकडेमोड

दोघांनाही थोडं गणित.

अमेरिकेचा महिला संघ ऑलिंपिकमध्ये शेवटचा हरला तो १९९२ला बार्सिलोनात, उपांत्य फेरीत, पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या एकत्रित संघाकडून, ७९-७३. त्यानंतर पॅरिसच्या अंतिम सामन्यापर्यंत ६१ सामने, ६१ विजय. हिशोब असा: बार्सिलोनाचा कांस्यपदकाचा १, अटलांटा ८, सिडनी ८, आणि टॉरासीच्या सहा स्पर्धांचे ८+८+८+८+६+६, म्हणजे ४४. (टोकिओपासून १२ संघांचे चार-चारचे तीन गट झाले, म्हणून अंतिम फेरीपर्यंत आठऐवजी सहाच सामने.)

म्हणजे मालिका तिच्याआधीच १७ची झाली होती. ती टॉरासीने सुरू केली नाही, पण तिच्यातले जवळपास तीन चतुर्थांश विजय तिच्या काळातले आहेत. दोन्ही वाक्यं खरी आहेत, हवं ते उचला.

दुसरं, मिनिटं. सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जणी, एकूण २०० मिनिटं. १२ जणींत सरळ वाटणी केली तर प्रत्येकीला १६-१७ मिनिटं येतात. अमेरिकेच्या बाराही जणी आपापल्या क्लबच्या मुख्य खेळाडू, त्यामुळे तिथे वाटणी खरोखर बरीच सपाट असते. ऑस्ट्रेलियाला जॅक्सन जास्तीत जास्त वेळ कोर्टवर लागायची. म्हणून एकूण गुणांची तुलना करताना जॅक्सनला झुकतं माप आपोआप मिळतं, आणि पदकांची तुलना करताना टॉरासीला. एकूण गुण आणि एकूण पदकं, दोन्ही संघाच्या रचनेची बाळं आहेत.

तिसरं, 'सहा' या आकड्याच्या प्रेमात असलेल्यांसाठी. स्यू बर्ड: ऑलिंपिक सुवर्णं ५, विश्वचषक सुवर्णं ४ (२००२, २०१०, २०१४, २०१८), कांस्य १ (२००६). टॉरासी: ऑलिंपिक ६, विश्वचषक ३ (२०१०, २०१४, २०१८), कांस्य १ (२००६). दोघींची नऊ सुवर्णं, एक कांस्य. पदकांवरच ठरवायचं असेल तर बर्ड आणि टॉरासी बरोबरीत आहेत, आणि बर्डसाठी असा धागा कुणी काढत नाही.

---

कोपऱ्यातला थ्री

बर्ड पास देणारी, टॉरासी गुण करणारी. लोक गुण करणाऱ्याचाच धागा काढतात. यात टॉरासीचा दोष नाही.

---

पिव्हट

पदकं मोजून झाली असतील तर जरा कोर्टवर या. दोघी कुठल्या नियमांत खेळल्या ते न बघता तुलना करण्यात अर्थ नाही.

२०१०पर्यंत फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) सामन्यांत पेंट, म्हणजे बास्केटसमोरचा रंगवलेला भाग, चौकोनी नव्हता, खाली रुंद होत जाणारा होता: फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा शॉट) रेषेपाशी ३.६ मीटर, बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या कोर्टच्या कडेला, ६ मीटर. थ्रीची रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण, ६.२५ मीटरवर. बास्केटजवळ उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला हा आकार त्रासदायक. तीन सेकंदांच्या नियमातून (पेंटमध्ये त्याहून जास्त वेळ थांबता येत नाही) सुटायचं तर बेसलाइनवर बास्केटच्या मध्यापासून तीन मीटर बाजूला जावं लागायचं. तिथे बॉल मिळाला तरी कोन वाईट, आणि बेसलाइन दुसऱ्या बचावपटूसारखीच अडवते. म्हणून त्या काळात युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या उंच मुली बाहेर येऊन शूट करायला शिकल्या. जॅक्सन ही त्या शाळेची सर्वात मोठी विद्यार्थिनी.

तिचा नेहमीचा डाव असा. गार्ड (बॉल पुढे नेणारी खेळाडू) बॉल घेऊन वर. जॅक्सन येऊन तिच्या बचावपटूला स्क्रीन लावते, म्हणजे वाटेत उभी राहून अडवते. इतर सेंटर (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडू) स्क्रीननंतर बास्केटकडे वळतात, ही उलट बाहेर सटकते, थ्री रेषेच्या आसपास. आता हिला धरणारी उंच मुलगी अडचणीत. गार्डला थांबवायला एक पाऊल पुढे गेली तर जॅक्सन मोकळी. जॅक्सनबरोबर बाहेर गेली तर बास्केटखाली कुणी उरत नाही. दोघी बचावपटूंनी आपापली खेळाडू अदलाबदल केली तर १७५ सेंटीमीटरची गार्ड १९६च्या जॅक्सनसमोर. मग जॅक्सन शूट करत नाही, पाठ लावून दोन ड्रिबलमध्ये आत जाते. तिन्ही उत्तरं चुकीची ठरतात. हे जिला जमतं ती नुसती गुण करत नाही, बाकी चौघींसाठी जागा करते. स्कोअरशीटवर ते दिसत नाही.

टॉरासीचं उलट. तिच्यामुळे जागा होते ती पळताना. अमेरिकन संघ बचावातून बॉल काढून धावतो. पहिल्या दोघी थेट बास्केटकडे जातात, बचाव त्यांच्यामागे मागे सरकतो. टॉरासी मुद्दाम दोन पावलं उशिरा येते. बॉल मागे येतो, ती रेषेच्या बरीच बाहेर, आणि अंगावर कुणीच नाही. तिची उडी फारशी उंच नसते. बॉल हातात येण्याआधी पाय लागलेले असतात, गुडघे वाकलेले असतात, म्हणून बॉल लवकर सुटतो. अशा शूटरला रोखायचं तर बचावपटूला मागे धावण्याऐवजी अर्ध्या वाटेवर थांबावं लागतं, आणि ती थांबली की आत एक जण कमी.

२०१०नंतर फिबाने पेंट ४.९ मीटरचा आयत केला आणि थ्री ६.७५वर नेला. अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिला लीगने मात्र आपली रेषा २०१२च्या हंगामापर्यंत ६.२५वरच ठेवली. त्यामुळे लंडनला अमेरिकन मुली आपल्या लीगपेक्षा अर्धा मीटर लांबून शूट करत होत्या, तेही हंगामाच्या मधे, थोड्या दिवसांच्या सरावावर. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्यांचा शॉट हातांच्या जोरावर असतो त्यांचा बॉल तिथून रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. पायांतून जोर येणाऱ्यांना फरक पडत नाही. टॉरासी मुळातच रेषेपासून मीटरभर मागून मारायची, त्यामुळे रेषा कुठे आहे याने तिला काहीच फरक पडला नाही.

कोपऱ्यात आणखी एक भानगड झाली. नवी रेषा कोपऱ्यात साइडलाइनपासून फक्त ९० सेंटीमीटर आत आहे, जुनी १.२५ मीटर आत होती. पास घेताना टाच मागे गेली की बाहेर. नव्या नियमानंतर कितीतरी चांगल्या शूटर्सनी असे बॉल घालवले. धाग्यावरच्या 'कोपऱ्यातल्या थ्री'ला हे ठाऊक असेलच.

---

कोपऱ्यातला थ्री

टाच आतच आहे. 😄

पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. नियम बदलले, पेंट बदलला, रेषा सरकली, सोबतच्या खेळाडू तीनदा बदलल्या, आणि तरी ही प्रत्येक वेळी पहिल्या बारांत. अमेरिकेच्या बारा जणींत शिरणं हे पदक मिळवण्यापेक्षा अवघड आहे.

---

जुना ट्रॅपेझॉइड

सगळे २०००नंतरच जन्मल्यासारखे बोलताय. उलियाना सेम्योनोव्हा हे नाव अजून कुणी घेतलं नाही?

रीगाच्या क्लबची सेंटर, उंची २१३ सेंटीमीटर. सोव्हिएत संघाकडून ऑलिंपिक सुवर्ण १९७६ आणि १९८०, विश्वविजेतेपद १९७१, १९७५, १९८३, युरोपियन अजिंक्यपद दहा वेळा. रीगाच्या क्लबकडून युरोपियन क्लब चषक अकरा वेळा. राष्ट्रीय संघाकडून अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती कधी हरलीच नाही. १९९३ला अमेरिकेतल्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली बिगरअमेरिकी स्त्री तीच.

काढून बघायची कसोटी लावायचीच तर इथे लावा. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. सोव्हिएत संघाने अमेरिकेला ११२-७७ असं धुतलं. ३५ गुणांनी! आज अमेरिका इतरांना जे करते ते तेव्हा अमेरिकेला होत होतं.

---

अर्धवर्तुळ

सेम्योनोव्हाबद्दल आदर आहेच, पण तीन अडचणी आहेत.

मॉन्ट्रियलला सहाच संघ होते, सगळ्यांचे सगळ्यांशी सामने, म्हणजे पाच सामन्यांत सुवर्ण. बाद फेरी नाही, एका वाईट रात्रीची भीती नाही. मॉस्कोला अमेरिकेचा बहिष्कार. लॉस एंजेलिसला १९८४मध्ये सोव्हिएत संघाचा बहिष्कार, म्हणजे तिसरी संधी तिच्याकडून हिरावली गेली, हा मात्र तिच्यावरचा अन्याय. आणि तिच्या बहुतेक कारकिर्दीत थ्रीची रेषाच नव्हती, फिबाने ती १९८४मध्ये आणली. बाहेरून शूट करून मिळणार दोनच गुण, तर बचाव पूर्ण आत गोळा करता येतो. तरीही २१३ सेंटीमीटरला थांबवायला तेव्हा जगात कुणी नव्हतं. पण जिला थांबवायला कुणीच नव्हतं आणि जॅक्सनसारखी जिच्यासमोर दर वेळी अमेरिकेची सेंटर लेस्ली उभी होती, त्या दोघी एका तराजूत कशा घालायच्या?

---

जुना ट्रॅपेझॉइड

बचाव आत गोळा होतो म्हणजे तिचं काम अवघड झालं, सोपं नव्हे. तीन जणी अंगावर असताना हात वर करून बॉल घ्यायचा, खाली आणायचा नाही, आणि वरूनच बास्केटमध्ये ठेवायचा. बॉल छातीपर्यंत खाली आणला की लहान मुली हिसकावतात, ही उंच खेळाडूंची सगळ्यात जुनी चूक. ती सेम्योनोव्हाने केली नाही. कसब ते हेच.

आणि लेस्लीचं म्हणाल तर सिडनीचा २०००चा अंतिम सामना ७६-५४, अथेन्सचा ७४-६३, बीजिंगचा ९२-६५. तीन अंतिम सामने, तिन्ही अमेरिकेचे, सर्वात चुरशीचा ११ गुणांचा. तुमची जॅक्सन एकदाही जवळ पोहोचली नाही. सिडनीत लेस्लीचे जोडलेले केस तिच्या हातात आले ते सोडून.

---

आकडेमोड

केसांची नोंद स्कोअरशीटवर नसते. पुढे चला.

---

बेंचवरून

'आंतरराष्ट्रीय कारकीर्द' म्हणजे फक्त देशाचा संघ धरून चाललात. टॉरासीची अर्धी आंतरराष्ट्रीय कारकीर्द मॉस्को, इस्तंबूल आणि येकातेरिनबुर्गला घडली.

मॉस्कोजवळच्या स्पार्टाककडून २००७, २००८, २००९, २०१०, सलग चार युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा). मग येकातेरिनबुर्गच्या यूएमएमसीकडून २०१३ आणि २०१६. एकूण सहा. स्पार्टाकमध्ये काही काळ टॉरासी, बर्ड आणि जॅक्सन तिघी एकत्र होत्या. ज्या दोघींवर तुम्ही इथे भांडताय त्या हिवाळाभर एकमेकींना पास देत होत्या. संघाचे मालक शाब्ताय काल्मानोविच यांची नोव्हेंबर २००९मध्ये मॉस्कोत गोळ्या घालून हत्या झाली. त्या हंगामातही संघाने चषक जिंकला.

खेळाच्या दृष्टीने हे कठीण का, ते सांगतो. युरोपचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल-मे, डब्ल्यूएनबीएचा मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर. मधे ऑलिंपिक किंवा विश्वचषक. म्हणजे वर्षाला मोकळे आठवडे हाताच्या बोटांवर. अशा वेळापत्रकात आधी बोलतात ते गुडघे, घोटा आणि पाठ. जॅक्सनचा गुडघा याच चक्कीत गेला असं म्हणायला बरीच जागा आहे.

टॉरासीने २०१५चा डब्ल्यूएनबीए हंगाम सोडला, कारण यूएमएमसीने तिला विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. तेव्हाच्या बातम्यांनुसार रशियातला तिचा पगार वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर होता, आणि अमेरिकेत सर्वोच्च खेळाडूला मिळायचे एक लाखाच्या थोडे वर. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला घरच्या लीगमध्ये न खेळण्याचे पैसे घरच्या पगारापेक्षा जास्त! पुढच्याच वर्षी रिओत १७ गुणांचा अंतिम सामना. पाय ताजे होते म्हणून तो झाला, असं माझं मत.

आणि २०१०चा डिसेंबर. ती इस्तंबूलच्या फेनरबाचेकडे होती. अंकाऱ्याच्या प्रयोगशाळेने नमुन्यात मोडाफिनिल हे बंदी असलेलं उत्तेजक सापडल्याचा अहवाल दिला, खात्रीसाठी राखलेला 'ब' नमुनाही तसाच आला, क्लबने करार तोडला. फेब्रुवारी २०११मध्ये प्रयोगशाळेने अहवाल मागे घेतला, ती निर्दोष ठरली. दोन्ही नमुने एकाच ठिकाणी तपासले जातात. तपासण्याची पद्धतच चुकली तर 'ब' नमुना तीच चूक दुसऱ्यांदा सांगतो. लंडनच्या दीड वर्ष आधी, स्वतःची काही चूक नसताना, कारकीर्द संपायला एवढं पुरलं असतं.

---

अर्धवर्तुळ

क्लबचा मुद्दा मान्य. तिथे टॉरासी वर. पण स्पार्टाक आणि यूएमएमसी हेसुद्धा पैशाने जमवलेले भक्कम संघच होते. पुन्हा तेच: सर्वोत्तम दहा जणींतल्या पाच तुमच्याकडे असतील तर चषक येणारच.

---

बेंचवरून

आणि त्या पाचांत दर वेळी तीच का असते, हा प्रश्न मग कुणाला विचारायचा?

---

पिव्हट

'अमेरिकेला सगळं सोपं' असं समजणाऱ्यांनी पॅरिसचा अंतिम सामना पुन्हा बघावा. अमेरिकन संघ हे बारा तारकांचं घाईत बांधलेलं बोचकं असतं. डब्ल्यूएनबीएचा हंगाम मधेच थांबवून सगळ्या येतात. २० जुलै २०२४ला फिनिक्समध्ये ऑल-स्टार सामन्यात याच ऑलिंपिक संघाला लीगमधल्या उरलेल्या खेळाडूंनी ११७-१०९ हरवलं. टोकिओच्या आधीही तेच झालं होतं, ९३-८५, आणि वर लास व्हेगासला सराव सामन्यात ऑस्ट्रेलियाने ७०-६७ हरवलं. बिघडतं ते बचावातलं बोलणं. स्क्रीन आली की अदलाबदल करायची की आपली खेळाडू धरून राहायचं, हे अर्ध्या सेकंदात ठरावं लागतं, आणि त्याला महिनोन्महिने लागतात. फ्रान्सकडे ते होतं.

मध्यंतराला २५-२५. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला फ्रान्सचे सलग १० गुण, ३५-२५. तिथून अमेरिका परतली ती एजा विल्सनमुळे: २१ गुण, १३ रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), ४ ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं). शूटिंग चालत नसताना रिबाउंड आणि फ्री थ्रोवर सामना ओढत आणला. शेवटी काहलिया कॉपरच्या फ्री थ्रोंनी आघाडी तीनवर, घड्याळात चार सेकंदही नाहीत.

इथे दोन पर्याय असतात. एक, मुद्दाम फाउल करायचा: समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे तीन गुणांची बरोबरी सरळ होऊच शकत नाही. धोका असा की फाउल शॉटच्या हालचालीत झाला तर तीन फ्री थ्रो. दोन, फाउल न करता बचाव करायचा आणि थ्रीची रेषा राखायची. अमेरिकेने दुसरा निवडला.

बॉल गॅबी विल्यम्सकडे आला, तिने धावत पुढे नेला आणि वेळ संपता संपता मारला. बोर्डला लागून आत. पण पाय रेषेवर! फिबाच्या नियमात ६.७५ मीटर मोजतात ते रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत, आणि ५ सेंटीमीटर रुंदीची ती रेषा दोन गुणांच्या भागात धरली जाते. उडी मारण्याआधी पाय शेवटी जिथे टेकला तेच बघतात, उडी कुठे संपली त्याला अर्थ नाही. बुटाचं टोक रेषेवर, म्हणून दोनच गुण. ६७-६६.

पाय थोडा मागे असता तर पाच मिनिटांची जादा वेळ, तीही फ्रान्सच्या प्रेक्षकांसमोर. टॉरासीचं सहावं सुवर्ण आणि ६१ची मालिका त्या पाच सेंटीमीटरच्या पट्ट्यावर उभी होती.

---

कोपऱ्यातला थ्री

म्हणजे अमेरिकेलाही हरवता येतं हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग आधीच्या ४३ सामन्यांत का नाही हरवलं कुणी?

---

अर्धवर्तुळ

हरवलं होतं की. विश्वचषकात. २००६, साओ पाउलो, उपांत्य फेरी: रशिया ७५, अमेरिका ६८. संघात टॉरासी होती. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने त्याच रशियाला ९१-७४ असं काढलं. बघा: टॉरासीच्या मोठ्या स्पर्धांमधला एकमेव पराभव, आणि त्याच स्पर्धेचं सुवर्ण जॅक्सनकडे.

---

जुना ट्रॅपेझॉइड

त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू जॅक्सन नव्हे, पेनी टेलर. जी पुढे टॉरासीची बायको झाली. घरात तो विषय कसा निघत असेल!

आणि विश्वचषकातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान टॉरासीला कधीच मिळाला नाही. २०१० होराकोव्हा, २०१४ माया मूर, २०१८ ब्रेआना स्टुअर्ट. जॅक्सनलाही नाही. दोघी 'सर्वात मोठ्या', आणि दोघींकडे तो मान नाही. मॉन्ट्रियलवर परत येऊ या का?

---

आकडेमोड

नको.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. २०१४चं कांस्य आणि २०१८चं रौप्य जॅक्सनशिवाय आलं, याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

---

अर्धवर्तुळ

देतो. २०१६ रिओसुद्धा जॅक्सनशिवाय. गटात अपराजित राहून ऑस्ट्रेलिया उपांत्यपूर्व फेरीत सर्बियाकडून ७३-७१ हरली. दोन गुणांनी. जवळचा सामना, शेवटची दोन मिनिटं, बॉल कुणाला द्यायचा हे संघाला ठरवावं लागत होतं. जॅक्सन असती तर ते आधीच ठरलेलं असतं. तिचा फायदा मला २० गुणांच्या विजयांत दिसत नाही, दोन गुणांच्या सामन्यांत दिसतो.

२०१०चा पराभव मात्र तिच्या खात्यावर टाका, तो मी लपवत नाही. आणि टॉरासीबद्दल एक दुरुस्ती: 'लांब कारकीर्द' हा शब्द मी हेटाळणीने वापरला होता, तो मागे घेतो. २२ ते ४२ या वयात त्या बारा जणींत सहा वेळा निवडलं जाणं हे स्वतंत्र कर्तृत्व आहे. क्रम बदलत नाही. जॅक्सन पहिली, टॉरासी दुसरी.

---

कोपऱ्यातला थ्री

उलटा क्रम, आणि मधे अंतर बरंच. रिओचा तो एक सामना जॅक्सनच्या नावावर टाकायचा तर तिला त्यात खेळावं लागेल. पॅरिसला टॉरासी खेळली नाही म्हणून सहावं पदक कापताय, आणि रिओला जॅक्सन आलीच नाही तरी तिला गुण देताय.

---

पिव्हट

हा फटका बरोबर बसला, अर्धवर्तुळ. पाय रेषेच्या मागे होता.

---

जुना ट्रॅपेझॉइड

पॅरिसची उपांत्य फेरी अमेरिका ८५, ऑस्ट्रेलिया ६४. एका संघात ४२ची टॉरासी, दुसऱ्यात ४३ची जॅक्सन. सेम्योनोव्हा खेळत असती तर ७२ची. तरी तिघी जणी आत येऊन 'बॉल द्या' म्हणाल्या असत्या, तर तो मी सेम्योनोव्हालाच दिला असता.